तांबडदऱ्याचे मोकळे फोटो

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आज पुन्हा शेळ्यांनी माझी सकाळ घालवली.

साडेसहाला स्वतः गाडी चालवत निघाले. तांबडदऱ्यात ऊन उतरायची एक ठरलेली वेळ असते, साडेसात ते पावणेआठ. दोन्हीकडच्या काळ्या कड्यांमधून हातभर जाडीचा तांबडा थर गेलाय, कोणी गेरूनं पट्टा ओढावा तसा. त्या पंधरा मिनिटांत तो पट्टा पेटतो. नंतर दिवसभर नुसता दगड आणि धूळ. पावसाळा सोडला तर हा दरा म्हणजे वाळवंटच, आणि मला तो तसाच आवडतो.

ट्रायपॉड लावला, फ्रेम धरली, ऊन पट्ट्यावर आलं, आणि वळणावरून सुग्रीव धनगराच्या शेळ्या आल्या. पन्नासेक तरी असतील. मागे त्याची बायको भामाबाई, खांद्यावर काठी.

"भामाबाई, जरा बाजूला घेता का? दहा मिनिटं."

"घेते की वहिनीसाहेब," म्हणाली, आणि खरंच सगळा कळप दगडांच्या मागे दाबून धरून उभी राहिली. पण उडालेली धूळ कोण बाजूला घेणार? ती बसेपर्यंत ऊन गेलं.

एवढा माळ मोकळा पडलाय, यांना रोज हीच वाट कशी सापडते? विचारलं तर म्हणे डोहावर पाणी पाजायचं. पाणी काय पळून जातंय? तासाभरानं पाजा.

ऋतुजा पुण्याहून फोनवर म्हणते, आई, तुला राग आला की मला फोन करण्यापेक्षा लिहीत जा. म्हणून ही वही. कॅमेरा तिचा जुना, वही नवी, राग माझा. चोपन्नाव्या वर्षी बाई दऱ्याखोऱ्यात फोटो काढत फिरते याचं गावाला हसू येतं. येऊ दे.


रविवार, १६ फेब्रुवारी

आज एक नवल झालं. यांनी माझे फोटो बघायला मागितले.

एकतीस वर्षांच्या संसारात ही पहिली वेळ. पंचायत समिती, निवडणूक, पाटोद्याची बैठक यांतून वेळ मिळाला की झोपणारा माणूस. आज जेवण झाल्यावर चष्मा लावून माझ्याशेजारी बसले आणि लॅपटॉपवर एकेक फोटो बघितला. बाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, केसरबाईंनाही हाक मारली. "बघ बाई, तुझ्या सुनंनं आपला दरा कसा दाखवलाय. परदेशातला वाटतो."

मग म्हणाले, "यातले मोकळे निवडून दे मला. माणसं, जनावरं नसलेले."

मला इतकं बरं वाटलं. मी तरी दुसरं काय सांगत होते? दऱ्याची भव्यता दिसायची तर फ्रेम मोकळीच हवी. यांना दृष्टी आहे, फक्त आजवर वापरली नव्हती. बारा निवडून दिले. कशाला हवेत विचारलं, तर म्हणाले तालुक्याला दाखवायचेत, जमलं तर तिथं उद्यान करू, लोक बघायला येतील.

बाईंनी सगळे बघितले. उठताना एवढंच म्हणाल्या, "भामीची शेरडं न्हाईत यात." मी म्हटलं, बाई, तीच तर मेहनत आहे.


मंगळवार, ४ मार्च

दऱ्याच्या तोंडाशी टेप घेऊन माणसं फिरत होती. सरपंच अजिनाथही होता. मला बघून अदबीनं बाजूला झाला. "वहिनीसाहेब, तुमच्या फोटूनं काम केलं बघा. कचेरीत साहेब लोक बघतच ऱ्हायले."

मी सांगून टाकलं, फाटक करायचं तर लोखंडी पाइपाचं नको, दगडाचं करा. कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही.


रविवार, ३० मार्च, पाडवा

रागात लिहितेय, अक्षर नीट येत नाही.

आज 'तांबडदरा निसर्ग उद्यान' सुरू झालं. फाटक पाइपाचंच, वर निळा रंग. दोन्ही कड्यांपर्यंत जाळी. आत लाकडी मचाण, सेल्फीसाठी एक लोखंडी बदाम, तोही लाल. आणि फाटकावर वीस फुटी फलक. फलकावर माझा फोटो, ऐन साडेसातच्या उन्हाचा. ज्यासाठी मी डिसेंबरच्या थंडीत अकरा सकाळी उभी राहिले, तो.

खाली नावं कोणाची? यांचं, सरपंचाचं, उद्यानात पैसा घालणाऱ्या यांच्या पुण्याच्या भागीदाराचं. मंडपवाल्याचंसुद्धा आहे. माझं नाही.

घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, "घरचंच तर हाय, नाव कशाला लागतं?" हे रागावले किंवा चुकले की गावच्या बोलीत शिरतात.

फाटकाशी म्हाळूला राखणदार नेमलाय, शिट्टी देऊन. भामाबाई बाहेर कळप घेऊन उभी होती. तो शिट्टी वाजवून तिला मागं सारत होता. मला वाटलं, कार्यक्रमाच्या दिवशी तरी कशाला आणायच्या शेळ्या. ती माझ्याकडे बघत होती. मी माझ्या फोटोकडे.


रविवार, ६ एप्रिल

एका आठवड्यात दऱ्याची दशा बघवत नाही. वेफरच्या पिशव्या, बाटल्या, कड्यावर चुन्यानं नावं. डोहाकाठी गाणं लावून दहा जण नाचत होते. मोरांचा आवाज बंद झालाय. मचाणावर एका मुलीनं मला ढकलून सांगितलं, "आंटी, फ्रेममध्ये येताय." मला. माझ्या दऱ्यात.

एक गोष्ट मात्र बरी झाली. मागच्या कड्यावरून शेळ्या ओळीनं उतरताना दिसल्या, भिंतीवरून मुंग्या उतराव्यात तशा. खाली सुग्रीव, वर भामाबाई. त्या कड्याला वाट असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. लांबून काय दृश्य होतं! मोठ्या लेन्सनं टिपलं. चला, शेळ्यांना नवी वाट सापडली आणि माझी मधली जागा मोकळी झाली.

ऋतुजाला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई, ते लोक तिथून का उतरतायत?" मी लिहिलं, शेळ्यांना काय, कुठूनही जातात.


गुरुवार, १७ एप्रिल

सुग्रीव पडला.

सकाळी साडेनऊच्या सुमारास. मी घरीच होते. म्हाळू सायकल टाकून धावत आला, दम लागलेला. "मागच्या कड्यावरनं गेला. एक शेरडू अडकलं व्हतं, ते सोडवाय गेलता. पाय निसटला."

मी गाडी काढली. जाईपर्यंत त्याला मचाणापाशी आणून ठेवलं होतं. माझ्याकडे यायच्या आधी म्हाळूनं आणि नगरहून आलेल्या एका जोडप्यानं चादरीत घालून उचललं होतं. बाकीचे उभे होते. तिघा-चौघांचे मोबाइल वर होते, चित्रीकरण चाललं होतं. मी एकाच्या हातावर फटका मारला, मोबाइल खाली पडला. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

उजवा पाय गुडघ्याखाली वेडावाकडा. सुग्रीव ओरडत नव्हता, नुसते दात घट्ट आवळलेले. भामाबाई त्याच्या डोक्याशी बसून त्याच्या तोंडावरची धूळ पदरानं पुसत होती. माझ्या गाडीतून बीडला नेलं. वाटेत ती एकदाच बोलली, मला नाही, त्याला. "शेरडांचं बघू नका, अंजूनं वळवलीत." अंजू म्हणजे त्यांची थोरली सून.

मी विचारलं, "त्या कड्यावरून कशाला उतरत होता?"

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं तिला ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, "फाटक लावलं नव्हं का."


शनिवार, १९ एप्रिल

पायात सळई टाकली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण कडा उतरायचं विसरा.

दोन दिवस माझं डोकं एकाच ठिकाणी अडकलंय. फाटक लावलं. अहो, पण फाटक बघायला येणाऱ्यांसाठी आहे. गावच्या माणसाला कोण अडवतंय? म्हाळूला बोलावून झाडलं. तो जमिनीकडे बघत उभा राहिला.

"मालकांचा हुकूम हाय वहिनीसाहेब. जनावर आत घ्यायचं न्हाई. पानी खराब हुतं, लोक वास येतो म्हनत्यात."

"मग दुसरीकडे पाणी नाही का?"

"खालचा तलाव फेब्रुवारीतच आटला की. उन्हाळ्यात ह्यो एकच डोह हाय. समद्या वस्तीची जनावरं हितंच येत व्हती."

चार वर्षं मी त्या दऱ्यात जातेय. चार उन्हाळे. हे मला ठाऊक नव्हतं असं लिहायला हात उचलला आणि थांबला. ठाऊक होतं. फक्त ते फ्रेमच्या बाहेर होतं.


मंगळवार, २२ एप्रिल

यांच्या सहीसाठी अजिनाथ फाइल ठेवून गेला. हे बाहेर होते. वरून माझ्या फोटोचा कोपरा दिसत होता, म्हणून उघडली. खोटं कशाला लिहू, माझं नाव आत तरी असेल म्हणून उघडली.

माझे बारा फोटो, रंगीत छापलेले. प्रत्येकाखाली एक ओळ. 'पडीक गायरान. चराई नाही.' 'निर्जन भाग. वहिवाट आढळत नाही.' डोहाच्या फोटोखाली, 'पाण्याचा ग्रामस्थांकडून वापर होत नाही.' शेवटी लिहिलेलं, सोबतची छायाचित्रं पुरावा म्हणून जोडली आहेत, आणि गायरान तीस वर्षांसाठी उद्यानाला देण्याचा ठराव एक मेच्या ग्रामसभेत कायम करावा.

त्या डोहाच्या फोटोच्या वेळी भामाबाई माझ्या पाठीमागे कळप दाबून उभी होती. मला तिच्या शेळ्यांची धाप ऐकू येत होती.

बाई आत आल्या, फाइल बघितली. त्यांना वाचता येत नाही. "कसले कागद गं?" मी वाचून दाखवले, ओळ न् ओळ. त्या ऐकत राहिल्या. मग यांचं लहानपणीचं नाव घेऊन म्हणाल्या, "अमऱ्याचा आज्जा त्या डोहावर सोता बैलं घेऊन जायचा. वापर न्हाई म्हनं."


बुधवार, २३ एप्रिल

भांडण झालं. जसं झालं तसं लिहून ठेवते, नंतर मला माझीच बाजू गोड करून लिहायची सवय आहे.

मी म्हटलं, "तुम्ही माझ्या फोटोंनी खोटं बोललात."

हे म्हणाले, "फोटो खोटे आहेत का?"

"शेळ्या रोज तिथं असायच्या."

"मग फोटोत का नाहीत?"

हे शर्टाची बाही दुमडत होते, आवाजही चढवला नाही. "तूच वैतागायचीस ना, शेळ्या मधी येतात म्हणून? चार वर्षं ऐकतोय मी. तुझ्या मनासारखा दरा करून दिला. आता तुलाच टोचाय लागला."

"सुग्रीवचा पाय गेला."

"दवाखान्याचं बघतोय मी. वनमाला, गावात उद्योग येतोय, पोरांना काम मिळंल. चार शेरडांसाठी हे सगळं थांबवायचं का?"

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला? हे मनापासून बोलत होते याचा. आणि त्यातलं निम्मं माझंच बोलणं होतं याचा.


गुरुवार, २४ एप्रिल

ऋतुजानं पहिल्या दिवशीच बजावलं होतं, आई, एकही फोटो पुसू नकोस, बिघडलेलासुद्धा. त्यामुळे सगळे आहेत. दिवसभर दार लावून तेच बघत बसले. शेळ्या मध्ये आलेले, धुळीचे, भामाबाईचं डोकं कोपऱ्यात कापलं गेलेले, सुग्रीव डोहातून हातानं गाळ काढत असलेला, त्यांची धाकटी सून सुकन्या हंडा भरतेय तो. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, चार वर्षांचे. प्रत्येकावर तारीख आणि वेळ.

फोटो म्हणून एकही धड नाही.


रविवार, २७ एप्रिल

पाटोद्याच्या स्टुडिओत छापून घेतले आणि तसेच भामाबाईकडे घेऊन गेले. वस्तीवर पत्र्याच्या सावलीत सुग्रीव खाटेवर, पाय उशीवर. भामाबाई कडबा सारत होती. मी सगळं सांगितलं. फाइलचं, ओळींचं, माझं. म्हटलं, ग्रामसभेत हे दाखवते, तुमची परवानगी हवी.

मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. आता लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

तिनं फोटो एकेक करून बघितले आणि खाटेवर ठेवले. "तवा बाजूला व्हा म्हनलात, आमी झालो. आता मधी या म्हनता. आमी फोटूत हाय का न्हाई, त्येच्यावर आमचं पानी ठरनार व्हय?"

"तसं नाही भामाबाई—"

"मग कसं? समद्या गावाला ठावं हाय आमी कुठं पाजतो. सरपंचाची म्हस तिथंच पेत व्हती. तरी कागदावर न्हाई म्हून लिवलं. कावून? आमी इच्यारनार न्हाई म्हून."

सुग्रीव म्हणाला, "आगं, त्या चांगल्यासाठीच आल्यात."

"चांगल्यासाठीच आल्यात, म्या कुठं वंगाळ म्हनते." आणि ती पुन्हा कडब्याकडे गेली.

गाडीत बसल्यावर मला प्रचंड राग आला. एवढं उन्हातून आले, नवऱ्याशी वैर घेतलं, आणि हिचं हे बोलणं. फाट्यापर्यंत तो राग टिकला. पुढे टिकेना. तिनं चूक काय म्हटलं, ते शोधत घरापर्यंत आले. सापडलं नाही.

फोटोंना तिनं हो म्हटलं की नाही, हे अजूनही मला कळलेलं नाही. फोटो मात्र तिच्याकडेच राहिले. मी मागितले नाहीत.


गुरुवार, १ मे

ग्रामसभा शाळेच्या मैदानात, सकाळी दहाला. झेंडा झाल्यावर बायका नेहमी घरी जातात. आज मी गेले नाही. आणि माझ्या मागून बाई आल्या, काठी टेकत. ब्याऐंशी वर्षांत कधी ग्रामसभेला बसल्या नाहीत. "बाया कुठं बसत्यात?" त्यांनी विचारलं. कोणालाच नीट सांगता येईना, म्हणून त्या पुढेच बसल्या.

भामाबाई आली होती. तिच्याबरोबर सगळी वस्ती, सुना, लेकरं, शेजारच्या वस्तीवरच्याही बायका. हे टेबलाजवळ अजिनाथच्या शेजारी. माझ्याकडे एकदा बघितलं, मग कागदांकडे.

अजिनाथनं ठराव भरभर वाचला आणि "मंजूर का?" विचारलं. दोन-चार हात वर झाले. मी उभी राहिले.

"वहिनीसाहेब, तुमी कावून उठल्या? घरचा इषय घरी बोलू की."

"गायरान माझ्या घरचं नाही," मी म्हटलं. "त्या अहवालातले फोटो माझे आहेत. प्रत्येक फोटोच्या आधी मी जनावरं बाजूला घ्यायला लावली आहेत. ते पुरावा नाहीत. ते मी मागे घेते."

पुढचं ठरवलेलं सगळं विसरले. तेवढ्यात भामाबाई उठली. तिनं फोटो आणले होते, पदराखालून काढले, पण वर धरले नाहीत. सरळ अजिनाथच्या टेबलापुढे जाऊन ठेवले.

"ह्ये वहिनीसाहेबांनी काढल्यात. बघायचं तर बघा. मला दुसरंच इच्यारायचंय. सरपंच, तुमची म्हस कुठं पेत व्हती?"

अजिनाथ हसला. ती नाही हसली.

"तुमाला इच्यारलं. मागच्या उन्हाळ्यात कुठं पेत व्हती?"

झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती. अजिनाथनं यांच्याकडे बघितलं. यांनी घड्याळाकडे.

"डोहावर," अजिनाथ म्हणाला.

"मग ल्ह्या."

ग्रामसेवकानं पेन उचललं. मग एकेक जण उठायला लागला. कोणाचे बैल, कोणाच्या म्हशी, कोणाची आई तिथं धुणं धुवायची. ठराव कायम करायला हात मागितले तेव्हा यांचाही हात अर्ध्यावर येऊन खाली गेला, कारण समोर बाई बसल्या होत्या आणि एकटक यांच्याकडे बघत होत्या. डोह आणि त्याची वाट गावाची, जनावरांना मोकळी, असं लिहून घेतलं. उद्यानाचं पुन्हा बघू म्हणे.

मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त पाणी प्यावंसं वाटत होतं.


रविवार, ४ मे

हे बैठकीच्या खोलीत जेवतात, झोपतात. गरजेपुरतं बोलतात. पुण्याचा भागीदार येऊन लोखंडी बदाम ट्रकवर घालून घेऊन गेला. सगळ्या गावासमोर बायकोनं मान खाली घालायला लावली, असं हे बाईंना म्हणाले. बाई म्हणाल्या, "मान तू सोता घातली."

मी जिंकले असं मला वाटत नाही. ज्या दिवशी ती दगडांमागे कळप दाबून उभी होती, त्या दिवशी मी विचारलं असतं तर ग्रामसभेपर्यंत यायचंच नव्हतं. सुग्रीवचा पाय तर माझ्या कुठल्याच बोलण्यानं सरळ होत नाही. राग आता कोणावर काढू? सगळीकडे वाटून झाला, तरी माझ्या वाटणीचा उरतोच.


रविवार, १८ मे

आज दऱ्यात गेले. कॅमेरा नेला नाही. फाटक उघडं होतं, म्हाळू आता पाणवठ्याचा गाळ काढायच्या कामावर आहे. ऊन पट्ट्यावर आलं आणि गेलं.

भामाबाई कळप घेऊन आली. तिच्याबरोबर आता अंजू असते, सुग्रीव वस्तीवरच. शेळ्या डोहात गुडघाभर उतरल्या. मी कडेला उभी राहिले. माफी मागायला आले होते, मनात चार वाक्यं घोकली होती. "भामाबाई, मला तुमच्याशी—"

"मागाहून बोला," ती म्हणाली. "उब्या काय ऱ्हायलात? ती पाठ निसटली बघा, कड्याकडं चालली. आडवा तिला."

मी वळले. तिची पाठ, एक तरणी काळी शेळी, दगडांवरून उड्या मारत मागच्या कड्याच्या दिशेनं निघाली होती. मी साडी वर खोचली आणि धावले. चपला वाळूत रुतल्या, एक तिथंच राहिली. शेळी डावीकडे गेली की मी उजवीकडे. हात पसरून उभी राहिले तर ती माझ्या हाताखालून निघाली.

"पुढनं जा, पुढनं," भामाबाई लांबून सांगत होती. "मागं लागू नका, आनखी पळंल."

मी पुढून गेले.